खाली जागा

सर,

काल संध्याकाळी घरमालक जिन्यात भेटले. मी दुधाची पिशवी घेऊन वर चालले होते. त्यांनी आधी तुमच्या दाराकडे पाहिलं, मग आवाज अगदी बारीक केला. "बेटा, वो नीचेवाला पोर्शन खाली हो रहा है क्या? कोई जल्दी नहीं है। बस, पूछ रहे हैं।"

इतकी वर्षं भोपाळात राहूनही 'खाली' म्हटलं की माझ्या डोक्यात आधी माझाच अर्थ येतो. खाली म्हणजे खालच्या अंगाला. खालचं घर खालीच आहे, ते आणखी खाली कसं होणार? तुमचा अर्थ मागून आला.

"नीचे खाली नहीं है," मी म्हटलं. "नीचे काकू हैं।"

"हाँ हाँ, बिलकुल," म्हणत ते निघून गेले. माणूस वाईट नाही. पण वर येऊन दूध तापत ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत मी शेगडीसमोर नुसती उभी होते.

सर, आज दुपारी पेपर आहे. सामाजिक विज्ञानाचा, नकाशावाला. तुमचा पेपर. मी जाणार आहे की नाही, ते हे लिहिताना तरी मला ठाऊक नाही.

मराठी मंडळाच्या ताई परवा म्हणाल्या, सरांवर आपल्या अंकात तू लिही, त्यांची शेवटची विद्यार्थिनी तू. मी म्हटलं, आठवीत शाळा सोडलेल्या बाईनं सरांवर काय लिहायचं? तर म्हणाल्या, बोलतेस तसं लिही. पेपर झाल्यावर बसायचं ठरवलं होतं. पण सकाळपासून पुस्तक उघडते आणि अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागतात. प्रवेशपत्र पिशवीत घातलं, काढून बघितलं, परत घातलं. पेन चालवून बघितलं, मग दुसरं. म्हणून म्हटलं, त्याच पेनानं तुमच्याशी बोलावं. तेवढा वेळ तरी हात एका जागी राहतो.

आमचे हे कामावर निघताना म्हणाले, "नसेल जमत तर राहू दे. खाली एवढं झालंय. ओपन स्कूल आहे, पुढच्या खेपेला दे." मायेनंच म्हणाले. पण 'पुढच्या खेपेला' म्हणजे काय असतं, ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही. तुम्हालाच तर सांगितलं होतं.

सुरुवात विरजणापासून झाली. मी वाटी घेऊन खाली आले होते. काकूंनी विरजण घालता घालता विचारलं, "चेहरा काऊन उतरला गं?" मी सांगितलं, बालवाडीत मदतनीस म्हणून ठेवलंय, पण मोठ्या मॅडम म्हणतात दहावी असेल तरच कायम करू. आतून तुमचा आवाज आला, "तर मग कर ना दहावी! त्यात काय, बाप्पा!" जशी काही दहावी बिट्टन मार्केटात जुडीनं मिळते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही भारताचा कोरा नकाशा माझ्यापुढे ठेवलात, शेजारी नद्यांची नावं लिहून दिलीत, आणि "चल, खाली जागा भर" म्हणून आत चहाचं सांगायला गेलात.

मी भरली. खाली जागा भरपूर होती, कन्याकुमारीच्या खाली. गंगा, यमुना, नर्मदा, तापी, गोदावरी. एकीखाली एक, वळणदार अक्षरात.

तुम्ही आलात. चष्मा कपाळावर चढवलात, परत नाकावर आणलात, आणि गप्प राहिलात. माझ्या शाळेत मास्तर असे गप्प झाले की पुढे काय यायचं, ते माझ्या तळहातांना अजून आठवतं. मी हात पदराखाली घेतले. आणि तुम्ही हसायला लागलात.

"अगं, इकडे ये! हिनं सगळ्या नद्या समुद्रात नेऊन सोडल्या! बरोबरच आहे म्हणा, शेवटी तिथंच जातात. मधला प्रवास तेवढा वाचवला."

मी रडायच्या बेतात होते. "तुम्हीच म्हणालात, खाली जागा भर."

"हो ना. मग?"

"मग खालीच भरली."

काकूंनी तोंडाला पदर लावला. "अहो, तिला रिकामी जागा म्हणा. यांचा जन्म भोपाळचा गं. यांच्या मराठीत अर्धी हिंदी आहे आणि यांनाच पत्ता नाही. मी अमरावतीहून आले तेव्हा मला म्हणाले, डबा खाली कर. मी फळीवरून उचलून जमिनीवर ठेवला."

तुमचं हसू थांबलं. खुर्चीत बसून तुम्ही नकाशाकडे बघत राहिलात. "आयुष्यभर मी हा शब्द मराठी समजून वापरून राहिलो," म्हणालात. आणि मग, "पोरगी बरोबर आहे. चूक माझी."

सर, शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. दहावी होवो न होवो, या घरात उतरत राहायचं, एवढं मी त्या दिवशी ठरवलं.

मग आपली रीत पडली. दुपारी माझी भांडी आटोपली असतील असा अंदाज घेऊन तुम्ही खालून काठीनं छताला ठोकायचात. दोनदा, थांबून एकदा. काठी तुमच्या त्या जुन्या नकाशाची. शाळेनं अडगळ म्हणून काढलेला नकाशा तुम्ही निवृत्त होताना मागून आणला होतात, त्याची वरची काठी निखळली ती ठोकायच्या कामाला लागली. पाठोपाठ तुमचं "वैशाली, खाली ये!" आणि त्याच्याही पाठोपाठ काकूंचं, "अहो, छत फोडाल एक दिवस!"

तो नकाशा तुम्ही भिंतीला कधी लावला नाहीत. शाळेनं नकाशा टांगला तिथंच शाळा चुकली, हे तुमचं लाडकं वाक्य. वर्गात एका मुलाला तुम्ही विचारलं होतं, उत्तर कुठं आहे? त्यानं पंख्याकडे बोट दाखवलं. सगळा वर्ग हसला, तुम्हीही हसलात, आणि घरी आल्यावर तुम्हाला जेवण गेलं नाही. "पोरगं खोटं थोडंच बोलून राहिलं होतं? आम्हीच शिकवलं होतं ना, नकाशात उत्तर वर असतं." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही नकाशा जमिनीवर अंथरायला लागलात, उत्तरेला उत्तर करून. हेडमास्तर दारात येऊन विचारून गेले, "ये दरी किस ख़ुशी में बिछाई है?"

मला तुम्ही त्यावर उभं राहायला सांगितलंत तेव्हा माझा पाय उचलेना. कागदाला पाय लागला तर आम्ही हात लावून नमस्कार करतो, आणि हा तर अख्खा देश.

"रस्त्यावर चालतेस तो काय परदेश आहे?" तुम्ही म्हणालात.

मी वाकून नमस्कार केला आणि मग चढले. "तुझ्या कोकणात जा." गेले. "आता अंगठा काढ, कोकण दिसून नाही राहिलं." तिथून भोपाळ किती लांब, चालून बघ म्हणालात. लांब कसलं, सर! एक ढांग आणि थोडं. गाडीत अंग आंबून जातं ते अंतर. मी भोपाळला पाय टेकवून परत गावी गेले, आणि तिथंच उभी राहिले. काकू आतून म्हणाल्या, "मला पोळ्या लाटायला बसायचंय. गुंडाळा तो देश."

त्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढ. मी काढला. घर, काजूचं झाड, दगडी पायऱ्यांची पाखाडी, मग वहाळ, म्हणजे ओढा, आणि वहाळावर लाकडाचा साकव. साकवाच्या पलीकडे कागद कोरा.

"पुढं?"

"पुढं शाळा."

"मग काढ ना."

"आठवत नाही, सर."

तेव्हा सांगितलं तुम्हाला. एका पावसाळ्यात साकव वाहून गेला. बाबा म्हणाले, साकव घातला की जा. पाऊस सरला, भातकापणी आली. कापणी संपली तर म्हणाले, आता वर्ष गेलंच आहे, पुढच्या खेपेला जा. साकव घातला तोवर मी काजूच्या कारखान्यात बिया सोलायला बसले होते. मला शाळेतून कुणी काढलं नाही आणि मी सोडलीही नाही. नुसती पुढच्या खेपेवर राहिली.

तुम्ही विनोद केला नाहीत. त्या कोऱ्या भागावर बोट ठेवलंत. "ही खाली जागा. माझ्या अर्थानं. भरून टाक, घाई नाही."

आणि खरंच, सर, आठवायला लागलं. पोळी लाटताना घंटा आठवली, रुळाचा तुकडा टांगलेला आणि वाजवायला मोठा बोल्ट. बालवाडीतल्या पोरांची नाकं पुसताना पाण्याचा माठ आठवला, त्यावरचा पत्र्याचा पेला साखळीला बांधलेला. खिडकीजवळचा माझा बाक. जे आठवलं ते मी खाली येऊन कागदावर काढायची. तुम्ही दर वेळी विचारायचात, "पेला कुठल्या बाजूला? पूर्वेला की पश्चिमेला?" मी डोळे मिटून ऊन कुठून यायचं ते बघायची आणि सांगायची. तुम्ही मला भूगोल शिकवत होतात असं मला वाटत होतं.

भांडणही सांगायला हवं. ते अर्धं राहिलंय.

सिनेमा-मालिकांच्या बाबतीत तुम्ही फार छळायचात. गाण्याच्या पहिल्या कडव्यात वाळवंट आणि दुसऱ्यात बर्फ दिसला की, "यांना मधे स्वेटर कोण नेऊन देतं?" नायक मुंबईहून निघाला आणि खिडकीबाहेर चहाचे मळे दिसले की तुम्ही रिमोट घेऊन चित्र थांबवायचात. काकू कातावायच्या. तुम्ही म्हणायचात, "पोरं नकाशा पुस्तकातून नाही, पडद्यावरून शिकतात. चाळीस मिनिटं माझी, बाकीचा सगळा दिवस पडद्याचा. मग पडद्याचा पेपर तपासायला नको?" ते पटायचं मला. हसायलाही यायचं.

पण त्या संध्याकाळी आपण तिघं मालिका बघत होतो. कोकणातलं घर होतं. पडवी, अंगण, तुळशीवृंदावन, आणि लेक सासरी निघालेली. मला काय झालं कोण जाणे, डोळ्यांना धारा लागल्या. आणि तुम्ही चित्र थांबवलंत.

"रडून काऊन राहिली? हे कोकण नाहीच. माती बघ, काळी. मागं ऊस उभा आहे. तुमच्याकडे कुठं गं ऊस?"

"सर, वृंदावन बघा ना. आमचं अगदी असंच आहे."

"वृंदावन काय, सेटवाला टेम्पोत घालून आणतो."

मला इतका राग आला की मी उठले. दारात वळून म्हटलं, "असू दे ऊस. मग माझं रडू कुठं आलं, ते दाखवा तुमच्या नकाशात."

दुसऱ्या दिवशी काठी वाजली, मी उतरले नाही. परत वाजली. काकू ओरडल्या, "अहो, छत!" मग तुम्ही स्वतः जिना चढून आलात. गुडघे दुखत असताना. दम खात कठड्याला धरून म्हणालात, "गाव खोटं आणि तुझं रडणं खरं. एकाच नकाशात दोन्ही कसं दाखवायचं, ते मला येत नाही. विचार करून राहिलो. पेपर झाला की उत्तर देतो."

"नक्की?"

"नकाशात उत्तर वर असतं. मी खाली राहतो. थोडा वेळ लागेल."

ते उत्तर राहिलं, सर.

आणि दुसरं एक राहिलं, ज्याच्यासाठी मी इथं अडून बसले आहे. पेपरचं सेंटर जवाहर चौकापाशी आलं म्हटल्यावर मी घाबरले. पेपरची भीती वेगळी, पण त्या एवढ्या मोठ्या फाटकातून एकटीनं आत जायचं, बाकी सगळी पोरंसोरं असणार. तुम्ही म्हणालात, आधी रस्ता बघून येऊ. कोलार रोडला रिक्षात बसताना मला पुढे केलंत. "आज मी आंधळा. तू ने."

मी नेलं ते थेट बिट्टन मार्केटला. भलत्याच वळणावर वळायला सांगितलं होतं मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही खाली उतरलात आणि मजेत पेरू, इथले जाम, निवडायला लागलात. "भैया, ये जाम किधर के हैं?" तो म्हणाला, "पेड़ के हैं, बाबूजी।" तुम्ही इतके खूश झालात! "बघ, याचा भूगोल पक्का आहे." मी म्हटलं, सर, आपण चुकलो. तर म्हणालात, "चुकलो कुठं? बिट्टन मार्केटला आलो. कुठं आलो ते ठाऊक असलं की माणूस चुकलेला नसतो."

मग जवाहर चौक सापडला, सेंटरही सापडलं. समोर चहाची टपरी, एक बाक. मी म्हटलं, तुम्ही त्या बाकावर बसलात तरच मी आत जाईन. लहान पोरीसारखं म्हटलं. तुम्ही जाऊन बसून दाखवलंत. "हा बसलो. तू आत, मी बाहेर. घाबरलीस तर मनात म्हण, सर खाली बाकावर आहेत."

"कुठल्या अर्थानं?" मी विचारलं.

तुम्ही पेरू खात होतात. "तुझ्या," म्हणालात.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी काठी वाजलीच नाही. मी भांडी घासून, हात पुसून, ओट्याला टेकून वाट बघत होते. मनात म्हटलं, आज झोप लागली असेल. मग काकूंचा आवाज आला. हाक नव्हती ती. पुढचं मला लिहायचं नाही.

आता बाक कुठल्या अर्थानं खाली आहे, सर?

काकू बोलत नाहीत. नातेवाईक येतात, जातात. मी पिठलं-भात नेऊन देते, जेवलात का विचारते, त्या हो म्हणतात, आणि ताटली तशीच परत येते. तुमची काठी दाराआड उभी आहे. काल रात्रीचं जेवण द्यायला गेले तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं, "काकू, मी उद्या जात नाही पेपरला." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला वाटलं, बरं झालं, सुटले. जिना चढताना पाय मात्र असे जड, जशी मी वहाळाच्या अलीकडे उभी आहे आणि पाणी उतरतच नाही.

एक सांगते. सकाळपासून पुस्तकातलं काही आठवत नाही, पण मघाशी डोळे मिटले तर शाळेची वाट पूर्ण दिसली. साकव ओलांडून डाव्या हाताला विहीर, विहिरीला वळसा घालून उतार, आणि उताराच्या तळाशी फाटक. फाटक राहिलं होतं, सर. तेवढंच कागदावर काढायचं राहिलं होतं. ते उघडंच असायचं. त्याला कडी नव्हती.

आणि वाटतं, माझं रडू तिथं आलं असेल. पडद्यावरच्या त्या अंगणात नाही. माझ्याच कागदावरच्या कोऱ्या जागेत, जिथं माती लाल आहे आणि ऊस नाही. तुम्हाला विचारलं असतं, हे उत्तर चालेल का. तुम्ही नक्की म्हणाला असतात, चालेल, पण दिशा दाखव.

घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, बघितलंच. आता निघाले तर पोहोचेन. थोड्या वेळानं निघाले तर नाही पोहोचणार, आणि मग ठरवायलाच नको. पुढच्या खेपे

थांबा.

सर, खालून काठी वाजली.

दोनदा. थांबून एकदा. तुमच्यासारखी नाही, जरा हळू, छत जपून.

"वैशाली! अगं वाजले किती? वर काय करून राहिली?"

काकूंचा आवाज घोगरा झालाय, इतक्या दिवसांत वापरला नव्हता त्यांनी. मी खिडकीतून वाकून बघितलं. त्या अंगणात उभ्या आहेत. एका हातात तुमची काठी, दुसऱ्या हातात वाटी.

"काकू, दही? अहो, सुतक आहे तुम्हाला."

"सुतकाचं मी बघते. तू पेपरचं बघ. खाली ये आधी!"

हे असंच ठेवते इथं. आल्यावर पुरं करेन, नाहीतर नाही करणार. पेन घेतलं, प्रवेशपत्र आहे, परत काढून बघत नाही.

खाली चालले, सर. माझ्या अर्थानं.